वनस्पतींच्या मत्स्यालयातील अन्नद्रव्यांचा जमाखर्च

मत्स्यालयात माशांबरोबर जिवंत वनस्पती लावणाऱ्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक पेच पडतो. पाने पिवळी पडू लागली की खत कमी पडते आहे असे त्याला सांगितले जाते, आणि काचेवर हिरवा थर चढू लागला की खत जास्त झाले आहे असे सांगितले जाते. पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच टाकीत एकाच आठवड्यात घडतात आणि मग नेमके काय करावे हे कळेनासे होते. या पेचातून सुटायचे असेल तर बाटलीवर छापलेले प्रमाण पाठ करून भागत नाही. पाण्यात अन्नद्रव्ये येतात कुठून, ती वापरते कोण आणि उरलेली जातात कुठे, हा जमाखर्च समजून घ्यावा लागतो. चाचणीत दिसणारी पातळी म्हणजे या जमाखर्चाची त्या दिवसाची शिल्लक असते, आणि ती बदलायची तर जमेत किंवा खर्चात कुठेतरी हात घालावा लागतो.

शेतीशी संबंध असलेल्या घरात नत्र, स्फुरद आणि पालाश (म्हणजे पोटॅशियम) ही तीन नावे सर्वांच्या तोंडी असतात. पाणवनस्पतींनाही हीच तीन मुख्य अन्नद्रव्ये लागतात. मत्स्यालयाच्या चाचण्यांमध्ये नत्र बहुधा नायट्रेटच्या रूपात आणि स्फुरद फॉस्फेटच्या रूपात मोजले जाते, एवढाच फरक. त्यांच्या खालोखाल कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक यांची गरज असते, आणि अगदी अल्प प्रमाणात लोह, मंगल (मँगनीज), जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम अशी सूक्ष्म अन्नद्रव्ये लागतात. मात्र शेतातील पिकाला जी चिंता कधीच करावी लागत नाही ती पाण्यातील वनस्पतीला सर्वांत आधी करावी लागते, आणि ती म्हणजे कार्बनची. वनस्पतीच्या सुक्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग कार्बनचा असतो. हवेशी समतोल साधलेल्या साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो, आणि हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. त्यामुळे पानाला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातील वायू संपला की नवा वायू तिथवर पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढा काळ पान प्रकाशात असूनही उपाशी राहते.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ साली मांडलेले आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले एक तत्त्व इथे तंतोतंत लागू पडते: वाढ किती होणार हे एकूण अन्नावर ठरत नाही, गरजेच्या मानाने जे अन्नद्रव्य सर्वांत कमी आहे त्यावर ठरते. पालाश कमी असताना नायट्रेट दुप्पट केले तर वनस्पतीला काहीच लाभ होत नाही, फक्त नायट्रेटची शिल्लक वाढत जाते. कार्बन कमी असताना सगळी खते ओतली तरी तीच गत होते. म्हणून खताचा विचार करण्याआधी प्रकाशाचा आणि कार्बनचा विचार करावा लागतो. प्रकाश हा मागणी ठरवणारा घटक आहे. दिवा जितका प्रखर आणि जितके जास्त तास चालू, तितकी कार्बनची मागणी वाढते, आणि कार्बन मिळाला की नत्र, स्फुरद, पालाश व लोह यांची मागणी त्याच्या मागोमाग वाढते. ज्या टाकीत सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेला नाही तिथे मध्यम दिवा सहा ते सात तास चालू ठेवणे आणि क्रिप्टोकोरीन, अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या सावकाश वाढणाऱ्या किंवा काटक वनस्पती लावणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. अशा टाकीत खताची गरज इतकी कमी असते की पुष्कळदा माशांच्या खाद्यातूनच तिचा मोठा भाग भागतो.

माशांचे खाद्य म्हणजे नेमके किती खत, हे एकदा आकड्यांत पाहिले की बरेच गैरसमज दूर होतात. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी घेतली तर माती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता तिच्यात साधारण १०० लिटर पाणी उरते. तिच्यात आपण १ ग्रॅम कोरडे खाद्य टाकले आणि त्यात ४० टक्के प्रथिने असली, तर प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असल्यामुळे त्या एका ग्रॅममधून ६४ मिलिग्रॅम नत्र आत येते. ते सगळे शेवटी नायट्रेट झाले असे धरले तर सुमारे २८० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते, म्हणजे १०० लिटरमध्ये लिटरला २.८ मिलिग्रॅम. मिलिग्रॅम प्रतिलिटर यालाच व्यवहारात पीपीएम म्हणतात. प्रत्यक्षात काही नत्र माशांच्या अंगी लागते, काही वनस्पती मधल्यामध्ये उचलतात, त्यामुळे हा आकडा कमाल मर्यादा समजावा. खाद्यात स्फुरदही बऱ्यापैकी असते. मात्र पालाश आणि वनस्पतीला वापरता येईल असे लोह त्यातून फारच थोडे मिळते. मासे भरपूर आणि प्रकाश बेताचा अशा टाकीत नायट्रेट व फॉस्फेट वाढलेले दिसते आणि तरीही जुन्या पानांना भोके पडतात, त्यामागचे कारण हेच आहे. अशा टाकीला नत्र-स्फुरद असलेले सर्वसमावेशक खत देण्याऐवजी फक्त पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये द्यावीत.

नत्राबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर माशांचा जीव अवलंबून आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि सडणाऱ्या अन्नातून नत्र प्रथम अमोनियाच्या रूपात बाहेर पडते. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टाकी नवी असताना हे जिवाणू पुरेसे नसतात आणि म्हणूनच पहिले काही आठवडे धोक्याचे असतात. पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो. त्यातील अमोनियम हे रूप माशांना फारसे त्रासदायक नसते आणि बहुतेक पाणवनस्पतींना ते नायट्रेटपेक्षाही अधिक रुचते, परंतु मुक्त अमोनिया हे दुसरे रूप विषारी असते. पाण्याचा सामू (पीएच) ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हाच भाग पाच-सहा टक्क्यांवर जातो, आणि पाणी तापले की आणखी वाढतो. युरिया पाण्यात विघटित होऊन अमोनियाच देतो, त्यामुळे बागेतील खताची चिमूट टाकीत टाकण्याचा मोह अतिशय महागात पडू शकतो. दाट वनस्पती असलेल्या टाकीत मासे असूनही नायट्रेट शून्य दिसते, त्याचेही उत्तर इथेच आहे: जिवाणूंच्या आधी वनस्पतींनीच अमोनियम उचललेले असते.

जमेच्या बाजूला खाद्याशिवाय नळाचे पाणी आणि तळाची माती हेही असतात. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येणारे पाणी मृदू असते, तर दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. राज्याच्या अनेक भागांत विहिरींच्या आणि बोअरवेलच्या पाण्यात नायट्रेटही मुरलेले असते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडणाऱ्या विहिरी कमी नाहीत. असे पाणी वापरणाऱ्याने नायट्रेट वेगळे देण्याचे कारणच नाही. मत्स्यालयासाठी मिळणारी तयार पोषक माती पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सोडते आणि पुढे पाण्यातील अन्नद्रव्ये धरून ठेवून मुळांना देते, म्हणून सुरुवातीला पाणी वारंवार बदलावे लागते. शेतातील काळी माती अन्नद्रव्ये उत्तम धरून ठेवते, परंतु तिच्यात चुनखडीचे कण असण्याची शक्यता बरीच असते आणि ते पाण्याचा जडपणा हळूहळू वाढवत राहतात. ती वापरायची असेल तर आधी तिच्यावर थोडे व्हिनेगर टाकून फेस येतो का ते पाहावे.

आता शेवाळाच्या प्रश्नाकडे वळू, कारण अन्नद्रव्ये कमी ठेवण्याचा सल्ला बहुधा त्याच भीतीतून दिला जातो. १९९०च्या दशकात पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोन हौशी अभ्यासकांनी असे मांडले की नायट्रेट, पालाश आणि लोह पुरेसे द्यावे पण फॉस्फेट मुद्दाम अत्यल्प ठेवावे, म्हणजे वनस्पती बाकीचे सगळे उचलतील आणि शेवाळ फॉस्फेटअभावी मागे पडेल. वनस्पतींना खत द्यायलाच हवे हा विचार रुजवण्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. पुढे अमेरिकेतील टॉम बार यांनी निरोगी, दाट लावलेल्या टाक्यांत फॉस्फेट आणि नायट्रेट मुद्दाम वाढवून पाहिले, आणि केवळ त्यांच्या वाढीने शेवाळ येत नाही असे दाखवून दिले. त्यांची पद्धत भरपूर देणे आणि दर आठवड्याला अर्धे पाणी बदलून शिल्लक आटोक्यात ठेवणे या दोन खांबांवर उभी आहे.

उपासमारीने शेवाळ मरत नाही याचे कारण त्याच्या आकारात आहे. शेवाळाची एकच पेशी किंवा बारीक तंतू चहूबाजूंनी पाण्याला भिडलेला असतो आणि त्याला लागणारे अन्न इतके थोडे असते की चाचणीत शून्य दिसणाऱ्या पाण्यातही त्याचे भागते. उलट वनस्पतीला पाने, खोड, मुळे अशी सगळी इमारत पोसायची असते. फॉस्फेट तोडले की आधी वनस्पती खंगते; खंगलेली पाने सेंद्रिय पदार्थ पाण्यात सोडतात, कुजू लागतात, अमोनिया वाढतो, आणि शेवाळाला बसायला जागा व खायला अन्न दोन्ही मिळते. काचेवर आणि अनुबियासच्या जुन्या पानांवर येणारे घट्ट हिरवे ठिपके तर फॉस्फेट कमी असल्याची खूण मानले जातात, आणि फॉस्फेट वाढवल्यावर ते नव्याने येणे पुष्कळदा थांबते. मातीवर पसरणारा, उग्र वासाचा निळसर-हिरवा बुळबुळीत थर हा खरे तर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया हे जिवाणू असतात. नायट्रेट अगदी शून्यावर गेलेल्या, तळाशी घाण साचलेल्या आणि पाण्याचा प्रवाह न पोहोचणाऱ्या कोपऱ्यात ते फोफावतात. पानांच्या कडांना धरणारे काळे केसाळ शेवाळ बहुधा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण रोज खाली-वर होत असलेल्या टाकीत दिसते. नव्या टाकीतील तपकिरी थराची मात्र काळजी करू नये, तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.

खत किती द्यावे याचे गणित अवघड नाही, आणि आपल्याकडे त्यासाठी परदेशी बाटल्यांवर अवलंबून राहण्याचीही गरज नाही. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांना ठिबकातून दिली जाणारी पूर्ण विद्राव्य खते कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. पिशवीवरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण दाखवतात. ०-०-५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, म्हणजेच निव्वळ पालाश आणि गंधक. भरपूर मासे असलेल्या टाकीला लागते ते हेच. १३-०-४५ हे पोटॅशियम नायट्रेट असते. त्याचा १ ग्रॅम १०० लिटर पाण्यात विरघळवला तर नायट्रेट सुमारे ६ पीपीएमने आणि पालाश पावणेचार पीपीएमने वाढते. ०-५२-३४ हे मोनोपोटॅशियम फॉस्फेट असते, त्याचा ०.२ ग्रॅम १०० लिटरमध्ये फॉस्फेट सुमारे १.४ पीपीएमने वाढवतो. इतके थोडे वजन घरातल्या काट्यावर होत नाही, म्हणून द्रावण करून ठेवावे. अर्धा लिटर स्वच्छ पाण्यात १३-०-४५ चे ५० ग्रॅम आणि ०-५२-३४ चे १० ग्रॅम विरघळवले की त्या द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये पहिल्याचा १ ग्रॅम आणि दुसऱ्याचा ०.२ ग्रॅम येतो. प्रखर दिवा आणि सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड असलेल्या, दाट लावलेल्या टाकीला हे १० मिलिलिटर आठवड्यातून तीनदा लागते. मध्यम प्रकाशाच्या टाकीला निम्मे किंवा त्याहूनही कमी पुरते. त्याच दुकानात मिळणारी १९-१९-१९ आणि १२-६१-० ही खते मात्र टाकीत कधीही घालू नयेत, कारण पहिल्यातील नत्राचा बराच भाग युरिया व अमोनियमच्या रूपात असतो आणि दुसऱ्यातील सगळे नत्र अमोनियमच असते. हौशी माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांत ही सर्वांत घातक आहे आणि ती पिशवीवरील मजकूर वाचून सहज टाळता येते.

एवढे खत दर आठवड्याला देत गेले तर साठत नाही का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पाणी बदलण्याच्या गणितात आहे. समजा आठवड्याला एकूण १० पीपीएम नायट्रेट दिले आणि वनस्पतींनी त्यातील काहीच उचलले नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी पातळी १०, अर्धे पाणी बदलल्यावर ५. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी १५, बदलल्यावर साडेसात. मग १७.५, मग १८.७५, आणि अशी चढत चढत ती २० च्या जवळ जाऊन थांबते, २० ओलांडत नाही. अर्थात दर आठवड्याला अर्धे पाणी बदलणाऱ्याची पातळी आठवड्याच्या मात्रेच्या दुपटीपुढे कधीच जात नाही. पाव भाग पाणी बदलले तर हीच मर्यादा आठवड्याच्या मात्रेच्या चौपट होते. नळाच्या पाण्यातून आणि खाद्यातून येणारे नायट्रेट अर्थातच यात मिळवावे लागते. हे एकदा ध्यानात आले की दर दोन दिवसांनी चाचणी करत बसण्याची गरज उरत नाही. मात्रा आणि पाणीबदल ठरले की कमाल पातळी आधीच ठरलेली असते. नायट्रेट १० ते ३० पीपीएम, फॉस्फेट १ ते ३ पीपीएम आणि पालाश १० ते ३० पीपीएम या पट्ट्यात कुठेही असले तरी जोमदार टाकीतील वनस्पती सुखाने वाढतात. हा पट्टा रुंद आहे, आणि त्यामुळेच नेमका एक आकडा गाठण्याची धडपड निरर्थक ठरते. नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे विशिष्ट गुणोत्तर राखावे असे काही ठिकाणी वाचायला मिळते. त्याचे मूळ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली समुद्रातील सूक्ष्म प्लवकांवर केलेल्या निरीक्षणांत आहे, आणि काचेच्या टाकीतील मुळे असलेल्या वनस्पतींना ते जसेच्या तसे लावण्यास आधार नाही.

नळाचे पाणी घालताना त्यातील क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट किंवा तयार औषध वापरावे, आणि तापमानात फार फरक पडू देऊ नये, एवढे पथ्य पाणीबदलाला पुरते.

लोहाचे वागणे बाकीच्यांपेक्षा वेगळे असल्याने त्याच्याकडे जरा निरखून पाहावे लागते. साधे लोह पाण्यात टाकले की ते लवकरच गंजासारख्या अविद्राव्य रूपात जाते किंवा फॉस्फेटशी संयोग पावून तळाशी बसते, आणि पानांना ते मिळतच नाही. म्हणून ते चिलेट रूपात, म्हणजे एखाद्या सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून दिले जाते. ही पकड किती टिकते हे सामूवर अवलंबून असते. ईडीटीए या सर्वांत स्वस्त प्रकाराची पकड सामू साडेसहाच्या पुढे ढिली होत जाते, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकते, आणि ईडीडीएचए त्याहूनही अल्कधर्मी पाण्यात टिकते पण पाण्याला लालसर छटा आणते. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या कितीतरी जणांच्या टाकीत लोह नियमित घालूनही कोवळी पाने फिकट येतात. तिथे मात्रा वाढवण्यापेक्षा चिलेटचा प्रकार बदलणे गुणकारी ठरते. लोह आणि फॉस्फेट एका बाटलीत कधी मिसळू नये, आणि टाकीतही ती एक दिवसाआड आलटून पालटून द्यावीत. फवारणीसाठी विकल्या जाणाऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणांत लोहाच्या मानाने जस्त आणि तांबे बरेच असू शकते. तांबे कोळंबीला आणि गोगलगायींना अगदी थोड्या मात्रेतही घातक असल्यामुळे ज्यांच्या टाकीत कोळंबी आहे त्यांनी अशी मिश्रणे टाळून मत्स्यालयासाठीच बनवलेले सूक्ष्मखत घ्यावे. हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

जडपणाचा विचार आपापल्या पाण्यानुसार करावा. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळे देण्याचा प्रश्नच येत नाही. आरओचे पाणी वापरणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावे की त्यातून क्षारांबरोबर ही दोन्ही द्रव्येही निघून गेलेली असतात, आणि ती पुन्हा घालावी लागतात. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट चालते. त्याचा १ ग्रॅम १०० लिटरमध्ये जवळजवळ १ पीपीएम मॅग्नेशियम देतो. आरओचे आणि नळाचे पाणी निम्मे-निम्मे मिसळणे हा त्याहून सोपा उपाय आहे. पालाश अतोनात दिले तर मॅग्नेशियम उचलण्यात अडथळा येतो, ही गोष्ट द्राक्ष बागायतदारांना चांगली परिचित आहे, आणि मृदू पाण्याच्या टाकीत तिचे भान ठेवलेले बरे.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून सोडणाऱ्यांसाठी एक सूत्र उपयोगी पडते. पाण्यातील बायकार्बोनेटचा जडपणा जर्मन अंशांत (चाचणी संचांवरील डीकेएच या एककात) घेऊन त्याला ३ ने गुणावे, आणि सामू ७ पेक्षा जितका खाली असेल त्याप्रमाणे वाढवत जावे: सामू एक पूर्ण अंक खाली म्हणजे दहापट. जडपणा ४ अंश आणि सामू ६.६ असताना उत्तर सुमारे ३० पीपीएम येते, आणि वनस्पती व मासे दोघांनाही मानवणारी ही वरची मर्यादा समजली जाते. टाकीत लटकवायच्या काचेच्या छोट्या निदर्शकात ४ अंशांचे द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा सामूनुसार पालटणारा रंग भरलेला असतो. द्रावण निळे असेल तर वायू कमी, हिरवे असेल तर योग्य, पिवळे असेल तर जास्त. रंग पालटायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे त्यावर तात्काळ निष्कर्ष काढू नये. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर निदर्शकाकडे न पाहता वायू बंद करावा आणि हवेचा पंप सुरू करावा. वायू दिवा लागण्याच्या तास-दीड तास आधी सुरू करून रोज तितकाच ठेवणे महत्त्वाचे आहे.

पाने वाचण्याचे कौशल्य सरावाने येते, आणि त्याची किल्ली एका प्रश्नात आहे: बिघाड जुन्या पानांवर आहे की नव्या? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते, म्हणून त्यांची उणीव खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. जुने पान सबंध पिवळे पडत असेल तर नत्र कमी आहे. जुन्या पानावर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडून त्यांच्या कडा पिवळ्या-तपकिरी होत असतील तर पालाश कमी आहे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आणि हे जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियमचा, आणि अगदी तसेच चित्र नव्या पानांवर असेल तर लोहाचा विचार करावा. कॅल्शियमही लोहाप्रमाणेच एका जागी बसले की हलत नाही. त्याच्या उणिवेने शेंड्याची पाने वाकडी, चुरगळलेली आणि लहान येतात. मात्र कार्बन अपुरा असला तरीही शेंडे असेच आकसतात, त्यामुळे वाकडे पान दिसताच खताची बाटली उचलण्याआधी वायू आणि पाण्याचा प्रवाह तपासावा. खराब झालेले जुने पान पुन्हा हिरवे होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे त्यानंतर फुटलेल्या पानांवरूनच ठरते, आणि त्यासाठी दोन-तीन आठवडे थांबावे लागते. याच काळात अधीर होऊन तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने काय झाले हे कधीच कळत नाही.

चाचणी संचांवर किती विसंबावे, याबद्दल माझे मत असे की संच आधी ओळखीच्या द्रावणावर तपासल्याशिवाय त्याचा आकडा खरा मानू नये. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटचे १.६३ ग्रॅम १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवले की १००० पीपीएम नायट्रेटचे द्रावण तयार होते. त्यातील २० मिलिलिटर घेऊन डिस्टिल्ड पाण्याने १ लिटर केले की ते बरोबर २० पीपीएमचे होते. संचाने त्याचा रंग २० च्या खाणाखुणांशी जुळवला तर तो विश्वासार्ह, आणि ४० किंवा ५ दाखवला तर त्या हिशेबाने पुढचे वाचन करावे. नायट्रेटच्या द्रव संचातील एका बाटलीत तळाशी भुकटी साचते, ती जोराने हलवून मिसळली नाही तर वाचन हमखास कमी येते. काही संच नायट्रेट दाखवतात आणि काही त्यातील फक्त नत्र. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला ४.४ ने गुणल्यावर पहिला मिळतो. दोन माणसांच्या आकड्यांत चौपट तफावत आढळली तर आधी हा फरक पाहावा.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात या सगळ्या व्यवस्थेची खरी कसोटी लागते. पाण्याची टंचाई असताना दर आठवड्याला अर्धी टाकी रिकामी करणे अनेकांना शक्य नसते आणि योग्यही वाटत नाही. अशा वेळी खर्चाची बाजू घटली असल्याने जमेची बाजूही घटवावी लागते: दिव्याचे तास कमी करावेत, वायू त्याच प्रमाणात कमी करावा, नायट्रेट-फॉस्फेटची मात्रा निम्म्यावर किंवा त्याखाली आणावी आणि माशांचे खाद्यही हात आखडून द्यावे. टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, त्यातील नत्र-स्फुरद वाया जात नाही. कोरड्या हवेत टाकीतील पाणी झपाट्याने उडते, पण उडते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. १०० लिटरच्या टाकीतून महिन्यात २० लिटर पाणी उडाले आणि ती भर तशाच जड पाण्याने केली, तर २० लिटरमधील सगळे क्षार टाकीत जास्तीचे जमा होतात. दोन-तीन महिन्यांत जडपणा दीडपटीवर जातो आणि सामूबरोबर लोहाचेही गणित बिघडते. म्हणून उडालेल्या पाण्याची भर शक्यतो आरओच्या शुद्ध पाण्याने करावी. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र या कामी वापरू नये, कारण त्यात नळाच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. आणि वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी शुद्ध दिसत असले तरी ते तांब्याच्या नळ्यांवरून आलेले असू शकते, त्यामुळे कोळंबीच्या टाकीत तेही घालू नये. पाणी ३० अंशांच्या वर तापू लागले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून रात्री हवेचा पंप चालू ठेवावा आणि टाकीवर छोटा पंखा लावावा. पंख्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, मात्र ते अधिक वेगाने उडते, तेव्हा भर घालण्याचा वरील नियम त्या दिवसांत रोजच पाळावा लागतो.